मालक बाहेर गेलाय

"मालक बाहेर गेलाय" हे वाक्य शहापूरच्या बाजारपेठेत दिवसातून किती वेळा बोललं जातं, त्याची गणती नाही. वर्गणीवाले आले, मालक बाहेर. माल परत करायला कुणी आलं, मालक बाहेर. खुद्द मालकच गल्ल्यावर बसून हे सांगतो आणि ऐकणाराही मुकाट निघून जातो. त्यामुळे माझ्या शेजारच्या अर्ध्या गाळ्यात बसणारा सोळा वर्षांचा पोरगा गिऱ्हाइकांना हेच सांगायचा, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कार्टं लवकर तयार झालं, असंच मनात आलं.

त्याला सगळे शेठ म्हणत. हे नाव बाजारानं चिडवायला ठेवलं होतं. अंगानं काटकुळा, मिसरूड नुकतं कुठं फुटू लागलेलं, आणि अंगात पांढरा फुलशर्ट. तो इतका ढगळ, की आत आणखी एक शेठ मावला असता. खिशाला पेन. पण चिडवलेलं नाव तो इतक्या गांभीर्यानं घ्यायचा की चिडवणाऱ्याचीच पंचाईत व्हायची. "काय शेठ, धंदापाणी?" असं कुणी हसत विचारलं, की हा न हसता म्हणायचा, "बरा हाय. तुमचा?" अकरावीला कॉलेजात नाव घातलं होतं. कॉलेजात नाव जायचं, शेठ दुकानात यायचा.

माझं दुकान फ्लेक्स बॅनर, पत्रिका आणि ट्रॉफीवरच्या नावाच्या पट्ट्यांचं. माझे यजमान गेल्यापासून मी एकटीच चालवते. गाळा माझ्या एकटीला मोठा पडायचा. एक दिवस किन्हवलीच्या बाजूचा एक ओळखीचा रिक्षावाला आला आणि म्हणाला, "बाई, भाच्याला खेळाच्या सामानाचं दुकान टाकायचंय. अर्धा गाळा द्याल का?" भाचा मागे उभा होता, शर्टाची बाही वर सारत. मला हसू आलं. पण भाडेचिठ्ठीवर मामाची सही होती आणि पोरगं खाली मान घालून उभं राहणाऱ्यातलं वाटलं नाही. मध्ये प्लायवूडचा पडदा ठोकला आणि दिला अर्धा गाळा. प्लाय पातळ होता. पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं, आणि खोटं कशाला बोलू, मी कान देऊन ऐकायची.

आमच्याकडे भात कापून झालं की शेतं रिकामी होतात, आणि रिकाम्या शेताला कुणी शेत म्हणत नाही, ग्राउंड म्हणतात. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत प्रत्येक गावाचा आपला एक संघ आणि प्रत्येक संघाची आपली एक स्पर्धा. टेनिसच्या चेंडूवरचं क्रिकेट. बांबूची चौकट, तिला बॅनर, कर्णा, आणि माइकवर घसा बसेपर्यंत बोलणारा एक समालोचक. शेठचा सगळा धंदा या चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांत तो चेंडू सांभाळायचा.

सांभाळायचा म्हणजे कसा, ते सांगते. पावसाळ्यात हवेला ओल येते आणि चेंडूची लव मरते, असं त्याचं मत होतं. म्हणून त्यानं गावाकडून भाताच्या तुसाची पोती आणली आणि सगळे चेंडू त्यात पुरून ठेवले. दुकानात शिरलं की गिरणीत आल्यासारखा वास यायचा. गिऱ्हाईक आलं की शेठ कोपरापर्यंत हात पोत्यात घालून चेंडू काढायचा, दाबायचा, कानाला लावायचा, परत टाकायचा, दुसरा काढायचा. मी एकदा विचारलं, "काय ऐकतोस रे त्यात?" तर म्हणाला, "काय नाय. गिऱ्हाइकाला बरं वाटतं." हे मात्र खरं. सगळा तालुका म्हणायचा, शेठचा चेंडू वेगळाच उडतो. चेंडूबरोबर घरोघरी तूस गेलं आणि घरोघरच्या बायांनी शेठला शिव्या घातल्या.

बॅटीची तर गंमत निराळी. कच्च्या बॅटी तो बाहेरून मागवायचा आणि इथं त्यांना तासून, जवसाचं तेल पाजून, मुठीला दोरा गुंडाळून तयार करायचा. पण पैसे दिले म्हणून बॅट मिळेलच असं नव्हतं. आधी दुकानासमोरच्या गल्लीत खेळून दाखवायचं. शेठ स्वतः चेंडू टाकणार, गिऱ्हाईक मारणार, माझ्या फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर चेंडू आदळणार आणि मी आतून ओरडणार, हा रोजचा कार्यक्रम. मग शेठ निकाल द्यायचा. "ही तुझी नाय. तू खालून उचलतोस. थांब, दुसरी देतो." आसनगावचा एक चांगला थोराड गडी, जिमला जाणारा, एका बॅटीवर अडून बसला. त्याला तीच पाहिजे होती. शेठ ती देईना. गडी तापला. "मी पैसे देतो ना? तुला काय करायचंय?"

"माल आमचा, हात तुमचा. दोन्ही जुळाय नको?"

"मालक कुठाय तुझा? बोलव त्याला."

"मालक बाहेर गेलाय."

"कधी येणार?"

शेठनं बॅट परत भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "येईल." गडी शेवटी दुसरी बॅट घेऊन गेला आणि पुढच्या महिन्यात मित्रांना घेऊन परत आला, पण ते राहू दे.

स्टंप तो तीन कधी द्यायचा नाही. सहाच. "तीनच घेतलेस तर समोरच्यानं काय दगड मांडायचा?" असं पोरांना विचारायचा. पोरं दगडच मांडत आली होती, त्यांच्या बापांनीही दगडच मांडले होते, त्यामुळे त्यांना हा प्रश्न कळायचाच नाही.

आणि गंमत म्हणजे हा सगळा शहाणपणा सांगणारा शेठ स्वतः खेळायला शून्य. मी एकदा त्याला खेळताना पाहिलं. पहिल्या चेंडूवर त्रिफळा. तोंडावर काही नाही, बॅट काखेत मारून परत आला. मला वाटलं होतं, हा सामान विकतोय म्हणजे खेळाडू असेल. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "मी नाय ओ काकू. खेळणारा दादा. मी त्याची किट उचलायचो आनि चेंडू आनायचो."

दादाचं नाव मी त्याआधीच ऐकलं होतं. दुकान उघडायच्या आधी शेठ व्हिजिटिंग कार्ड छापायला माझ्याकडेच आला होता. दुकानाचं नाव सांगितलं, खाली "प्रोप्रा." लिहा म्हणाला आणि एक नाव सांगितलं. ते नाव मी इथं देत नाही. मी ते शेठचंच समजून टाइप केलं. तो म्हणाला, "माझं नाय, दादाचं हाय."

"आणि तू कोण मग?"

"मी सांभाळतो."

बरं, म्हटलं. मोठा भाऊ कुठं नोकरीला असेल, लहान्याला बसवला असेल. नंबर सांगितला. मला एक सवय आहे, नंबर छापायच्या आधी मी एकदा लावून बघते, कारण पत्रिकेत एक आकडा चुकला तर लग्नघर माझ्या नावानं बोटं मोडतं. लावला. बंद.

"बंद आहे रे हा."

"असूं दे. तोच टाका."

"अरे, बंद नंबर कार्डावर? गिऱ्हाईक फोन कुठं करणार?"

"रिचार्ज मारलेला हाय," तो म्हणाला. बराच वेळ हुज्जत झाली. मी हेका सोडणारी नाही आणि तोही नाही. शेवटी दादाचा नंबर वर आणि शेठचा खाली, बारीक अक्षरात, असा तह झाला. छापून झाल्यावर त्यानं कार्डांचा गठ्ठा उचलला, वरचं एक कार्ड वाचलं आणि शर्टाला पुसून खिशात ठेवलं. मला वाटलं, विक्षिप्त आहे. माझ्या गाळ्याला असलेच भाडेकरू मिळतात.

मामानं सांगितलं ते नंतर, पावसाळ्यात. रिक्षा दुकानासमोर लावून तो चहा प्यायला आला होता, शेठ गावाला गेला होता. मी सहज म्हटलं, "तुमचा मोठा भाचा कधी येत नाही हो दुकानावर?" मामानं कप खाली ठेवला.

मोठा भाचा म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला फलंदाज. मुरबाडकडचे संघ त्याला आपल्याकडून खेळायला न्यायचे. एका स्पर्धेत मोटारसायकल जिंकली होती. ती विकून खेळाच्या सामानाचं दुकान टाकायचं हे त्याच्या डोक्यात होतं. तो भावाला म्हणायचा, मी खेळणार, तू विकायचं. मग एका पावसाळ्यात म्हैस काळू नदीपलीकडे अडकली म्हणून तो पाण्यात उतरला. तेव्हा गुडघाभर पाणी होतं. वरून लोंढा आला. म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी आली. तो आला नाही. पार टिटवाळ्यापर्यंत नदीकाठ धुंडाळला. काही हाती लागलं नाही. वर्ष झालं तेव्हा गावातली जाणती माणसं घरी आली. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, ती करून घेऊ या, म्हणाली. बाप आधीच गेलेला. आई भाकऱ्या थापत होती. तिनं मागे न बघता विचारलं, "पोर सापडलं नाय, मंग जाळता कुणाला?" माणसं उठून गेली. त्यानंतर त्या घरात कुणी हा विषय काढला नाही. धाकट्यानं मोटारसायकल विकली आणि दुकान टाकलं.

"तिच्यासाठी करतो ओ सगळं," मामा म्हणाला. "ती म्हनते येईल, मंग ह्यो तरी काय करनार."

मी प्लायच्या पडद्याकडे बघत बसले. मालक बाहेर गेलाय. इतके महिने मी ते वाक्य ऐकून गालात हसत होते. त्या दिवशी मला दुकानात बसवेना, लवकर शटर ओढलं.

मामा म्हणाला ते मी खरं मानलं. सगळे तसंच मानत होते, आईला धक्का बसू नये म्हणून पोरगं हे नाटक करतंय. पण एक गोष्ट मला त्यात बसवता येत नव्हती. स्पर्धांना शेठ आपल्या दुकानातर्फे एक बक्षीस द्यायचा. उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज ही बक्षिसं पुढारी देतात. शेठची ट्रॉफी असायची "उत्कृष्ट चेंडू शोधक". पट्टी मीच कोरायची, आणि पहिल्यांदा मला वाटलं हा चेष्टा करतोय. सीमेपलीकडच्या करवंदीत, ओढ्यात, भाताच्या पेंढ्यात गेलेला चेंडू जो पोरगा शोधून आणेल त्याला ती. समालोचक ते वाचताना लोक खो-खो हसत. पण एकदा किन्हवलीच्या पुढे एका गावात मी बॅनरचं काम बघायला गेले होते तेव्हा सामना संपला, माणसं पांगली, कर्णा उतरवला, आणि शेठ अजून झाडीत. पांढरा शर्ट काट्यांना अडकलेला. आयोजक हाका मारून दमले. "शेठ, सोड रे, नवीन काढू पोत्यातनं."

"तो जातोय कुठं?" झाडीतून आवाज आला. "हितंच असंल."

हे बघायला तिथं आई नव्हती. कुणाला दाखवायचं नव्हतं.

आता तो अर्धा गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका मुलाकडे आहे. शेठ भिवंडीकडे एका गोदामात कामाला लागला. आता स्वतःच्या मापाचा शर्ट घालतो. बरं चाललंय म्हणतात. दुकान बुडालं नव्हतं, उलट चांगलं चाललं होतं. मी म्हटलंही त्याला, अरे, आता अठराचा होशील, तुझ्या नावावर कर. तो तुसाची पोती झाडत होता. म्हणाला, "मी सांभाळायला घेतलं व्हतं काकू. ज्याचं त्याला देता येनार नाय, तर सांभाळायचं काय?"   पोती झाडून झाल्यावर त्यानं माझा भागसुद्धा झाडून दिला.

दुकान का बंद झालं हे सांगायचं तर मला आधी माझ्या धंद्यातलं एक अक्षर समजावून सांगावं लागेल.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाआधी काय लावायचं हे छापणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. बहुतेकांना कै. गळ्यात माळ असेल तर वै. घर बौद्ध असेल तर कालकथित. कुणाला कै. जुनाट वाटतं, ते स्व. मागतात. यात चूक झालेली लोक विसरत नाहीत. माझ्या यजमानांच्या नावाआधी कै. मीच टाइप केलं. एक अक्षर आणि एक टिंब. ते टिंब द्यायला मला फार वेळ लागला. आणि दुसरी गोष्ट अशी, की आमच्या तालुक्यात क्रिकेटची स्पर्धा एखाद्या पोराच्या नावानं असली की ते पोर गेलेलंच असतं. मोटारसायकलवर, रुळांवर, पाण्यात. मित्र वर्गणी काढतात आणि त्याच्या नावाचा स्मृती चषक भरवतात. इतके चषक मी छापलेत, की नुसतं नाव बदलायचं, बाकी मजकूर तसाच.

दादाच्या संघातली मित्रमंडळी शेठकडे आली ती हेच घेऊन. चार-पाच जण. प्लायपलीकडे बसले. मग एक जण म्हणाला, "आमाला त्याच्या नावानं चषक भरवायचाय रे. चांगला. तुझ्या दुकानातनं सगळं घेऊ."

 पोत्यात हात घालून चेंडू काढल्याचा, टाकल्याचा आवाज येत राहिला. शेवटी शेठ म्हणाला, "कै. नाय लावायचं."

"नाय लावत."

"स्मृती पन नाय. नुसतं दादाचं नाव आनि चषक."

"बरं. नुसतं नाव."

"आयेनं वाचलं तर..." तो एवढंच बोलला.

ती मुलं चांगली होती, त्यांनी शब्द पाळला. ट्रॉफीच्या पट्ट्या माझ्याकडे आल्या, त्यावर नुसतं नाव. चेंडूंच्या खोक्यावर, टी-शर्टावर, नुसतं नाव. शेठ त्या दिवसांत किती खुशीत होता म्हणून सांगू. दादाच्या नावाचे टी-शर्ट दोरीवर टांगून ठेवले होते आणि येईल त्याला दाखवायचा. जिवंत माणसाच्या नावाचा चषक तालुक्यात पहिलाच, असं म्हणायचा. मी हो म्हणायची.

बॅनर मात्र त्यांनी मुरबाडला कुणा ओळखीच्याकडे छापायला टाकला. नाव फोनवर सांगितलं. बॅनरवाल्याचा दोष मी मानत नाही. नाव पोराचं, पुढे चषक. त्याच्या हातानं सवयीनं बाकीचं टाकलं. मी असते तर माझ्याही हातानं टाकलं असतं.

सकाळी मी दुकान झाडत होते. शेठ पडद्याच्या कडेनं आत आला, मोबाइल पुढे धरला. कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला होता. त्यांच्या गावच्या फाट्यावर बॅनर लागला होता, हातात बॅट धरून हसणारा दादा, भोवती पुढाऱ्यांचे चेहरे, आणि वर मोठ्या लाल अक्षरांत कै. अमुक अमुक स्मृती चषक. तो मला म्हणाला, "काकू, पांढरा तुकडा द्या. चिकटनारा."

"अरे, त्यांना सांगून दुसरा..."

"आये बाजाराला गेलीय. येताना फाट्यावर उतरंल. तुकडा द्या."

मी विनाइल कापलं.  त्याला एकट्याला पाठवायला मन घेईना, म्हणून शटर ओढलं आणि स्कूटर काढली. मागे बसून तो वाटेत एकदाच म्हणाला, "स्मृती राहिलं तरी चालंल. ते कै. तेवढं."

फाट्यावर पोचलो तेव्हा कुणी नव्हतं. बॅनर बांबूच्या चौकटीवर, आंब्याला बांधलेला, चांगला उंच. शेठनं तुकडा दातांत धरला आणि झाडावर चढला. फांदीवरून चौकटीवर पाय टाकला, बांबू करकरला. मी खालून म्हणत होते, जपून रे, जपून. तेवढ्यात टमटम थांबली आणि त्याची आई खाली उतरली. डोक्यावर पाटी, हातात पिशवी. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. शेठसारखीच काटकुळी.

तिनं आधी मुलाला पाहिलं. मग त्याच्या हाताकडे, आणि हात जिथं पोचायला बघत होता तिथं. पाटी उतरवून खाली ठेवली आणि बॅनर वाचू लागली. चौथी शिकलेली बाई, ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"आये, तू घरी जा," वरून शेठ म्हणाला. तुकडा आता त्याच्या हातात होता. "बॅनरवाल्यानं चुकवलंय. दोन मिन्टात करतो मी."

ती माझ्याकडे वळली. "तुमी त्या छापनाऱ्या बाई का?"

"हो."

"ते पयलं अक्षार काय हाय ओ?"

 आयुष्यभर अक्षरं छापली आणि ते एक मला उच्चारता येत नव्हतं. "कै.," मी म्हटलं शेवटी.

तिनं मान हलवली. तिला ते येत होतं. कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"चुकलंय आये," शेठचा आवाज चिरकला. चौकटीवर तो एका पायावर पुढं झुकला होता, तुकडा अक्षरापासून वीतभर लांब. "मी सांगितलं व्हतं त्यांना. नुसतं नाव टाका सांगितलं व्हतं."

"नाय चुकलं."

"आये..."

"नाय चुकलं रे बाबा. बरोबर लिवलंय." ती अजिबात रडत नव्हती. तिनं पदर खोचला आणि झाडाखाली जाऊन दोन्ही हात वर केले. लहान पोराला माळ्यावरून उतरवून घेतात तसे. "मला ठावं हाय. कधीचं ठावं हाय. तू मानशील तवा मानशील म्हनून गप व्हते. एक पोर नदीनं नेलं माझं. बांबू वाकलाय, तू आधी खाली उतर."

शेठ तसाच राहिला. त्याचा हात अजून पुढे होता. मग तो हात आखडला आणि त्यानं फांदी धरली. उतरताना त्याचा शर्ट फाटला. आईच्या हातांपर्यंत पोचला तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकलेही नव्हते आणि तो रडायला लागला होता. मोठ्यानं, गावात ऐकू जाईल असा. पाण्यात भाऊ गेला तेव्हा तो रडला नव्हता, असं मामा नंतर म्हणाला.

तिनं त्याला रडू दिलं. मग पाटी डोक्यावर घेतली, पिशवी दंडात अडकवली आणि मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरून रस्ता ओलांडला. पलीकडे बांधावरून घराची वाट होती. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी एकही गाडी नव्हती, बांधावर तर काहीच नव्हतं, पण वळणाआड जाईपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.